आधी पोचा, मग हला

माणसानं वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नवीन काय शिकावं, याबद्दल परभणीत साधारण एकमत आहे: काही शिकू नये. फार तर प्राणायाम. महालिंग अप्पांनी हे एकमत मोडलं आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पाठीवर लेकीची गिटार अशा अवतारात ते राजेश्री मॅडमच्या क्लासच्या पायऱ्या चढले. पायऱ्यांवर सात-आठ वर्षांच्या चार मुली बसल्या होत्या. त्या अदबीनं उठून बाजूला झाल्या. कुणाला तरी घरी न्यायला आजोबा आलेत, असा त्यांचा समज झाला आणि अप्पांनी तो पुढचे तीन आठवडे मोडला नाही.

कारण घरात होतं. कारणाचं नाव चांगुणाबाई, वय एकोणऐंशी, अप्पांची आई. त्यांचा उजवा कान केव्हाच गेला होता आणि डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, जेवढं येतंय तेवढं ऐकून घ्या. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून चांगुणाबाईंनी ते डबीत घालून देवळीत ठेवलं होतं, विभूतीच्या शेजारी. देवासमोर तरी गुमान राहील, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर दिवाळीच्या फराळाला बसलेलं असताना त्या एकदम म्हणाल्या, "महालिंगा, तुझ्या बापाचा फोटो हाय, काठी हाय, चष्मा बी हाय. आवाजच आठवंना गेलाय रे. हा कान जायच्या आदी एकदा आयकायला भेटला असता तर बरं झालं असतं."

अप्पांच्या हातातली चकली हातातच राहिली. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. गावाकडं, चारठाण्याला, दर सोमवारी ते शिवभजनाला जायचे आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशीच 'शिवाऽऽ' असा एक लांब हेल काढायचे. म्हणजे मी आलो. तो हेल ऐकला की चांगुणाबाई डोक्यावर पदर घ्यायच्या आणि चुलीवर तवा ठेवायच्या. चाळीस वर्षं हा शिरस्ता चालला आणि तो कुणी टेपवर घेऊन ठेवावा, असं घरातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. शहाण्यांत अप्पा पहिले. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली.

आता हेल काढायचा तर गळा पाहिजे. अप्पांच्या गळ्याची कीर्ती अशी, की भजनी मंडळानं आधी त्यांना नुसते टाळ दिले होते आणि पुढं टाळही परत घेतले. पेटी बघितली, तर पेटीवर एकेक सूर वेगळा दाबावा लागतो आणि वडिलांचा हेल नेमका दोन सुरांच्या मधल्या जागेतून वर चढायचा. त्याच दिवाळीत लेक वैजयंती पुण्याहून आली होती. तिनं सहज आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार काढली, एक तार बोटानं दाबली आणि दाबलेलीच वर ढकलली. सूर सरकत सरकत वर गेला. अप्पांच्या अंगावर काटा आला. लेक दोन दिवसांनी पुण्याला गेली. गिटार, मोठा स्पीकर आणि अप्पांच्या डोक्यात शिरलेलं खूळ मागं राहिलं. आईला मात्र काही सांगायचं नाही, जमलं की एकदम ऐकवायचं, असं अप्पांनी ठरवलं.

राजेश्री मॅडम असतील सव्वीसच्या, पण शिकवताना त्या समोरच्याचं वय बघत नसत. "काका, दुसरी तार, आठवी पट्टी. आता दहाव्या पट्टीचा सूर आयका. आयकला? तिथवर जायचंय, पन बोट आठवीवरच ठिवून. तार वर ढकला. एका बोटानं न्हाई, मागून दोन बोटांचा टेकू द्या. अन् वर पोचल्यावर मग हलवायचं. मनगटानं, कुलपात किल्ली फिरवल्यासारखं. आदी पोचा, मग हला."

ऐकायला सोपं होतं. अप्पांची गोम अशी झाली, की ते निघायच्या आधीच थरथरू लागत. "काका, तुमी अजून स्टँडवरच हायत अन् गाडी हालायली," मॅडम म्हणाल्या. यात अप्पांचा दोष नव्हता. अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला पोचण्याआधी पोचल्याचा अहवाल द्यायची सवय असते. शिवाय त्यांना घाई होती. रोज संध्याकाळी घरी आल्यावर ते आईला मागून हाक मारून बघत. कार्तिकात चार पावलांवरून मारलेल्या हाकेला ती वळायची. मार्गशीर्षात दोन पावलांवरून मारलेल्या.

घाईघाईत एका रविवारी पहिली तार तुटली आणि अप्पांच्या गालावर सणसणीत बसली. कानापासून ओठापर्यंत लाल रेघ. दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणी काही विचारलं नाही, हेच वाईट झालं. दुपारपर्यंत सगळ्या शाखांतून महानंदा वहिनींबद्दल, म्हणजे अप्पांच्या बायकोबद्दल, एक वेगळाच आदर पसरला. संध्याकाळी एक सहकारी भाजी बाजारात तिला दिसला आणि तिला बघून शेपूच्या गाड्याआड झाला. "अवं, हे लोक मला कामून भ्यायलेत?" असं तिनं घरी येऊन विचारलं तेव्हा अप्पा गालाला हळद लावत होते.

शेजारी लिंबाजी. हे बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, त्यामुळं माहिती पोटात ठेवणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. सामाईक भिंतीवर कोपर टेकून त्यांनी अप्पांच्या बोटांचा अभ्यास केला.

"अप्पा, बोटं लय कच्ची हायत तुमची. कागद उलटायची बोटं ही. तुरटीच्या पान्यात बुडवा रोज अर्धा घंटा."

अप्पांनी बुडवली. बोटं घट्ट झाली, पण तार जागची हलेना.

"मंग तेल लावा की. सरकंल."

अप्पांनी खोबरेल लावलं. तार नाही, बोटंच सरकली आणि गिटारला चार दिवस न्हाणीघराचा वास येत राहिला. मग लिंबाजींनी रुईचा चीक सुचवला. चीक लावल्यावर बोटांची आग झाली, फोड आले, फोड गेले आणि जाताना कातडीही घेऊन गेले. डाव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांची टोकं घासलेल्या पाटीसारखी गुळगुळीत झाली. "आता कशी, झाली का न्हाई पक्की!" लिंबाजी म्हणाले.

आता ही कातडी नुसती कातडी नव्हती. तिच्यावर शासनाचा विश्वास होता. कचेरीत हजेरीचं यंत्र बसवलं त्या दिवशी अप्पांच्या उजव्या हातात जेवणाचा डबा होता आणि त्यात वरण असल्यामुळं तो खाली ठेवणं त्यांना धोक्याचं वाटलं. म्हणून त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट नोंदवलं. जानेवारीतल्या एका सकाळी ते बोट यंत्रावर ठेवलं, तर यंत्र म्हणालं, कृपया पुन्हा प्रयत्न करा. अप्पांनी पुन्हा प्रयत्न केला. फुंकर मारून केला, शर्टाला पुसून केला, देवाचं नाव घेऊन केला. मागं रांग लागली. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, जरा प्रेमानं लावा."

आस्थापना शाखेचे सिद्धोधन साहेब भला माणूस. असे पंधरा दिवस गेल्यावर त्यांनी अप्पांना बोलावून चहा मागवला.

"अप्पा, मला तुमी दिसायलात. समोर बसलेत, चहा प्यायलेत. पन सिस्टिमला काई दिसंना गेलात. आज पंदरा दिवस झाले, तुमी गैरहजर हायत."

"मग दुसरं बोट नोंदवून घ्या की."

"घेतो की. अर्ज द्या. पन अर्ज हजर माणसाचाच घेता येतो, अन् तुमी तर गैरहजर."

"मी हा इथं हाय!"

"तेच तर दुखणं हाय." साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. "मशीनवाला नांदेडहून यायचाय. तवर रजेवर ऱ्हावा. रजेवरचा माणूस गैरहजर असला तर कुनाची तकरार नसती."

अठ्ठावीस वर्षांत एकदाही उशिरा न आलेला माणूस असा भर कामाच्या दिवसांत घरी बसला. अपमान गिळायला काहीतरी काम पाहिजे म्हणून अप्पांनी सराव दुप्पट केला. आईचा कान आणखी जड झाला होता, म्हणून स्पीकर मोठा पाहिजे होता. लेकीचा होताच, पण त्याची वायर आखूड. अप्पांनी तो न्हाणीघराबाहेरच्या गिझरच्या पॉइंटला जोड देऊन लावला. एक ठिणगी, एक वास. स्पीकरला काही झालं नाही. गिझर गेला.

महानंदानं या तीन महिन्यांत बरंच सोसलं होतं. खोबरेल, चीक, भाजी बाजारातला दरारा, सगळं. गिझर गेल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "ठीक हाय." आणि अंगणात तीन विटा मांडून तिनं सासूच्या अंघोळीचं पाणी बाहेर चुलीवर तापवायला सुरुवात केली.

इथं जाणत्या वाचकाच्या काळजात चर्र झालं असेल. आपल्याकडं अंघोळीचं पाणी बाहेर, तीन विटांवर कधी तापवतात हे सांगायला नको.

मंगळवारी सकाळी आठला लिंबाजी तुळशीला पाणी घालायला आले आणि त्यांना भिंतीपलीकडं चार गोष्टी कळल्या. एक, अंगणात विटांच्या चुलीवर हंडा. दोन, अप्पा कचेरीच्या दिवशी घरात, दाढी न केलेले. तीन, रोज ओट्यावर बसणाऱ्या चांगुणाबाई ओट्यावर नाहीत. त्या अंघोळ करून मागल्या दारी उन्हात केस वाळवत बसल्या होत्या, पण मागलं दार भिंतीवरून दिसत नाही. आणि चौथी गोष्ट, घरातून कुणीतरी हेल काढून रडत होतं. लांब, वर चढणारा, मध्येच थरथरणारा आवाज, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. अप्पांचा सराव लिंबाजींनी आजवर ऐकला होता तो टुंगटुंग. मोठ्या स्पीकरवरची वर ढकललेली तार त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

मग त्यांनी विचारलं का नाही? कारण अशा वेळी विचारत नसतात. 'म्हातारी गेली का?' हा काय भिंतीवरून विचारायचा प्रश्न आहे? लिंबाजींनी तांब्या ठेवला, टोपी काढली आणि अप्पांचा चारठाण्याचा चुलतभाऊ रुद्रेश याला फोन लावला. मग उरलेल्या गल्लीला फोनची गरज नव्हती. लिंबाजींचा आवाज तीस वर्षं सात फलाटांवर पोचत होता.

त्यानंतर त्यांनी आपल्या घरातल्या खुर्च्या काढून रस्त्याच्या कडेला मांडल्या. महानंदा हंड्याखाली लाकूड सारायला आली तेव्हा तिनं ते बघितलं. ह्यांच्याकडं आज काही कार्यक्रम असेल, असं तिला वाटलं.

"भाऊजी, खुर्च्या कमी पडल्या तर आमच्या न्या बरं. काई लागलं तर सांगा."

लिंबाजींचे डोळे भरून आले. घरात एवढं झालं आणि ही बाई आपल्याला विचारते, काही लागलं तर सांगा! त्यांनी हात जोडले आणि चार खुर्च्या नेल्या.

साडेनऊपर्यंत पंचवीस-तीस माणसं जमली. अप्पांनी खिडकीतून बघितलं, तर सगळे चपला काढून, माना खाली घालून, त्यांच्या घराकडं तोंड करून बसलेले. त्यांनी तार ढकलली की एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला उपरणं लावत. दुसऱ्या ओळीतल्या दोन बायका तर उघडच स्फुंदत होत्या.

या तीन महिन्यांत ज्या माणसाला सात वर्षांच्या पोरींनी आजोबा म्हटलं, यंत्रानं नाकारलं, तारेनं फटकावलं, त्याच्या घरापुढं आज सगळी गल्ली मुकाट बसून ऐकत होती. अप्पांचा ऊर भरून आला. गाण्याची इतकी जाण असलेल्या लोकांत आपण वीस वर्षं राहतो आणि आपल्याला माहीत नाही! त्यांनी स्पीकर आणखी मोठा केला. पण मनात खुट्ट होतंच. सूर वर जात होता, थरथरत होता, पण तो वडिलांचा नव्हता. काहीतरी राहत होतं आणि काय, ते सापडत नव्हतं. त्यांचं मनगट कळ मारत होतं आणि जीव कुठंच टेकत नव्हता.

अकराच्या सुमाराला टेम्पो आला. रुद्रेश म्हणजे मयत म्हटलं की ज्याच्या अंगात बारा माणसांचं बळ येतं असा गडी. टेम्पोत केळीचे खांब, मयताला बसवून न्यायचं विमान बांधायला बांबू, झेंडूच्या माळा, टाळ-मृदंगासह भजनी मंडळ, मठाचे स्वामी आणि जिंतूरला थांबून चांगुणाबाईंच्या भाच्याकडून घेतलेलं माहेरचं लुगडं, असं सगळं होतं. आणि सगळ्यांत पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, कडूबाई आत्या.

या अप्पांच्या वडिलांच्या धाकट्या बहीण. वय पंचाहत्तर. त्यांनी आयुष्यात कधी भजन म्हटलं नाही, पण चारठाण्याच्या पंचक्रोशीत मयताला आत्या आल्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटत नसे. टेम्पोतून पाय खाली टेकताच त्यांनी फाटकाला धरलं आणि हेल काढला.

"माझ्या वैनी गंऽऽऽ!"

अप्पा गळ्यात गिटार घेऊन दारात आले होते. हे काय चाललंय, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. तो सूर खालून निघाला, सावकाश, अजिबात न हलता. वर चढला. पोचायच्या केसभर आधी क्षणभर थांबला, जणू आत येऊ का म्हणून विचारतोय. मग पोचला. आणि पोचल्यावर, अगदी पोचल्यावरच, हलला.

बापाचा हेल. जसाच्या तसा. अकरा वर्षं तो आत्याच्या गळ्यात होता. वडील गेले तेव्हाही आत्यानं तो काढला असणार, पण त्या दिवशी अप्पा दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला गेले होते.

"आत्या, थांबू नको!" अप्पा ओरडले. "परत! परत एकदा!"

गर्दीत कुजबुज झाली. आईच्या दुःखानं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. रुद्रेशनं पुढं होऊन त्यांना धरलं. अप्पा त्याला झटकत तार शोधत होते. तेवढ्यात मागल्या दारानं, केस पाठीवर मोकळे सोडून, चांगुणाबाई ओट्यावर आल्या.

"कोन आलंय गं नंदा? कडू दिसायली का? कवा आलीस?"

पुढच्या दोन मिनिटांचं वर्णन नीट करता येणार नाही, कारण बघणारे पळत होते. एका बाईनं किंकाळी फोडली, मृदंग टेम्पोतून गडगडत खाली आला, स्वामींनी शिव शिव म्हटलं आणि रुद्रेश केळीच्या खांबावर बसला. लिंबाजी मात्र जागेवर ठाम होते. "मी सोता हेल आयकलाय," ते सगळ्यांना सांगत होते, जणू चूक चांगुणाबाईंचीच होती. शेवटी अप्पांनी तार ढकलून दाखवली तेव्हा त्यांनी टोपी परत घातली.

चांगुणाबाईंना सगळं डाव्या कानात ओरडून समजावून सांगावं लागलं. त्या ऐकत असताना त्यांचा हात माहेरहून आलेल्या लुगड्यावरून फिरत होता. "काठ बरे हायत," त्या म्हणाल्या आणि घडी करून मांडीखाली ठेवलं. "दिलेलं आता माघारी देनार न्हाई."

महानंदा चहाला लागली. अप्पांना चहा सुचत नव्हता. ते आत्याच्या पायाशी बसले.

"आत्या, एकदा. फक्त एकदाच काढ तो हेल."

कडूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "येडा का खुळा तू? जित्या मानसापुढं हेल काढत असतेत व्हय? अपशकुन हाय तो. न्हाई मंजे न्हाई."

स्वामी म्हणाले, नको. रुद्रेश म्हणाला, नको. सगळी गल्ली म्हणाली, नको. अप्पांनी गिटारवर डोकं टेकवलं. तीन महिने, तीन बोटं, गिझर आणि इज्जत घालवून ज्याच्या दारापर्यंत आलो ते दार तोंडावर बंद होत होतं, आणि आईला मागून हाक मारली तर आता ती एका पावलावरूनही वळत नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग ते आईच्या डाव्या कानाशी वाकले आणि तीन महिने लपवलेली गोष्ट त्यांनी तिला सांगून टाकली.

चांगुणाबाईंनी त्यांची बोटं हातात घेऊन बघितली. मग त्या नणंदेकडं वळल्या.

"कडू, काढ."

"अवं वैनी..."

"मी मेल्यावर काढनारच हायस न्हवं? तवा मला कुठं आयकू येनार हाय? आत्ताच धड येईना गेलंय. काढ मी हाय तवर."

कडूबाईंनी वहिनीचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि हेल काढला. चांगुणाबाईंनी मान तिरकी करून डावा कान पुढं केला, पण आत्याचा आवाज प्रवासानं आणि मघाच्या हेलानं बसला होता. त्यांनी मान हलवली. पोचत नव्हता.

अप्पांनी स्पीकर उचलून, जोडाची वायर ओढत, आईच्या डाव्या बाजूला ठेवला. दुसरी तार, आठवी पट्टी. या वेळी त्यांना घाई नव्हती, का कोण जाणे. त्यांनी तार ढकलली, सावकाश, अजिबात न हलवता. केसभर आधी थांबले. मग पोचले. आणि मग मनगट फिरवलं, कुलपात किल्ली फिरवल्यासारखं.

कडूबाईंनी डोळे उघडून फाटकाकडं बघितलं.

चांगुणाबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. फक्त त्यांचा हात उठला, पाठीवरच्या मोकळ्या केसांवरून त्यांनी पदर पुढं ओढला आणि डोक्यावर नीट घेतला.

"नंदा," त्या आत बघत म्हणाल्या, "तवा ठेव."

महानंदानं नुकताच चाळीस माणसांचा चहा उतरवला होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या हातातल्या गिटारकडं बघितलं. मग चहाचं पातेलं बाजूला सारलं आणि तवा ठेवला.